एकनळी लाथ मारते? आधी काडतुसाची पेटी आणा

भात पोटरीला आलं की आमच्या सिंधुदुर्गात दोन गोष्टी हमखास होतात. रात्री डुकरं शेतात उतरतात, आणि सकाळी कोणीतरी खांदा चोळत माझ्या खळ्यात येऊन बसतो. "येक बार टाकलंय आणि खांदो गेलो." मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. पेन्शनीत येऊन बारा वर्षं झाली. दुकान काढलेलं नाही, दुरुस्तीचा परवाना नाही, त्यामुळे कोणाची बंदूक खोलत नाही. बघतो, विचारतो आणि सांगतो. बहुतेकांचं दुखणं तेवढ्यावरच निम्मं होतं. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

हे लिखाण शेतीसंरक्षण परवान्यावरच्या साध्या एकनळीबद्दल आहे. १२ बोअर, मध्ये मोडून मागून काडतूस घालायची, बाहेर घोडा असलेली. भोक साडेअठरा मिलिमीटरचं आणि वजन जेमतेम अडीच ते पावणेतीन किलो. खांद्यावर टाकून डोंगर चढायला सोयीची, आणि म्हणूनच लाथ मारणारी, म्हणजे बार होताच मागे खांद्यावर आदळणारी. ठासणीच्या (तोंडातून दारू ठासायच्या) बंदुकीबद्दल शेवटाकडे दोन शब्द आहेत.

कुठे दुखतं ते नेमकं सांगा

"लाथ मारते" एवढ्याने काही कळत नाही. शर्ट काढायला लावून मी आधी वळ बघतो.

खांद्याच्या खोबणीत, म्हणजे गळपट्टीचं हाड आणि दंडाचा सांधा यांच्या मधल्या मऊ जागेत लालसर डाग असेल तर दस्ता (खांद्याला लागणारं मागचं लाकूड) जागेवर होता, काडतूस भारी होतं. डाग दंडावर असेल तर धरायची पद्धत चुकली. हाडावरच असेल तर तेही धरण्याचंच, पण जास्त काळजीचं. गालफडावर काळंनिळं म्हणजे गाल दस्त्याला टेकलेला नव्हता, दस्ता येऊन गालावर आदळला. मधल्या बोटाचं पेर सोललेलं असेल तर चापाच्या कडीने मारलंय. अंगठ्याने स्वतःचंच नाक फोडून घेतलं असेल तर दस्ता आखूड आहे.

दुसरी लक्षणं बंदुकीची. बार झाला की ती आपोआप मोडून उघडते, रिकामं काडतूस नळीत चिकटतं, काडतुसाच्या बुडाच्या टोपीला (जिच्यावर घोड्याचा ठोका बसतो) भोक पडतं, दस्त्याच्या मानेला केसाएवढी चीर जाते. यातलं एकही दिसलं तर खालच्या घरगुती तपासण्या करत बसू नका, सरळ "इथे थांबा" या भागाकडे जा.

तिसरं लक्षण कोणी आपणहून सांगत नाही. पूर्वी लागायचा तो नेम आता लागत नाही. त्याचंही मूळ बहुधा लाथेतच असतं.

नळीतून उजेड बघा

पैसे शून्य, वेळ अर्धा मिनिट. बंदूक मोडा, काडतूस नाही ना ते डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. मग नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आरपार पाहा.

लाथेचा आणि याचा संबंध आहे. नळीत काही अडकलं असेल तर छऱ्यांना वाट मिळत नाही, दाब वाढतो. नशीब बरं असेल तर नळी फुगते, नसेल तर फुटते आणि डावा हात तिथेच असतो. आमच्याकडे अडकणारी वस्तू ठरलेली आहे: कुंभारमाशीचं घर. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पुष्कळ बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, परत येतात तेव्हा दोन-दोन महिने उलटलेले असतात. घरी भिंतीवर टांगलेली बंदूकही तशीच. एकदा एका काकांच्या नळीतून मी बोटभर लांब मातीचं नळकांडं काढलं. आत कोळी होते, माशीने पिल्लांसाठी भरून ठेवलेले. काका त्याच संध्याकाळी माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसायला निघाले होते.

नळी साफ दिसली तरी भिंतीवर कुठे कंकणासारखी गोल सावली दिसते का बघा. ती सावली म्हणजे पूर्वी कधीतरी आलेला फुगवटा. त्या बंदुकीतून पुढचा बार नाही.

पेटी वाचा

लाथेचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून इथेच जास्त वेळ घेतो.

लोक मला सांगतात, "एलजी लय लाथ मारते, चार नंबर बरा." ही छऱ्यांच्या आकाराची नावं: एलजी, एसजी मोठे, चार नंबर बारीक. पण छर्रा मोठा की बारीक याच्याशी लाथेला देणंघेणं नाही. एलजीचे सहा दाणे एक औंस भरतात, एसजीचे आठ. औंस तो औंसच. नळीतून एकूण किती वजन किती वेगाने बाहेर पडलं, यावर बंदूक मागे येते. एलजीची काडतुसं पुष्कळदा जास्त वजनाची असतात, म्हणून ती बदनाम झाली. पेटीवर नंबराशेजारी ग्रॅम किंवा औंस छापलेले असतात, ते वाचा. २८ ग्रॅम म्हणजे एक औंस, ३२ म्हणजे सव्वाला थोडं कमी, ३६ म्हणजे सव्वा औंस.

आता बंदूक काट्यावर ठेवा. भाताची पोती तोलायचा काटा नको, वाण्याचा इलेक्ट्रॉनिक घ्या. रिकामी बंदूक, पट्ट्याशिवाय. जुन्या इंग्रज कारागिरांचा आडाखा असा की बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट तरी असावी. म्हणजे २८ ग्रॅमला २ किलो ७०० ग्रॅम, ३२ ग्रॅमला ३ किलो ७० ग्रॅम, आणि ३६ ग्रॅमला जवळजवळ साडेतीन किलो. तुमची एकनळी २ किलो ६०० भरली तर ९६ ने भागून उत्तर येतं २७. त्या बंदुकीला २८ ग्रॅम हीच वरची हद्द झाली. आणि लोक तिच्यात ३६ ग्रॅम घालतात, कारण दुकानदाराने "डुकराक ह्याच व्हया" असं सांगितलेलं असतं.

फरक किती पडतो ते मी कागदावर मांडलं. छर्रे सेकंदाला ३७०-३८० मीटर वेगाने सुटतात असं धरलं, गच्च्याचं (छर्रे आणि दारू यांच्या मधल्या बोळ्याचं) आणि दारूचं वजन मिळवलं. २ किलो ६०० ची बंदूक २८ ग्रॅमला साधारण २९ ज्यूलने मागे येते, ३६ ग्रॅमला ४८ ज्यूलने. छर्रे पावपट-तीसटक्क्यांनी वाढले, लाथ दीडपटीच्याही वर गेली. तेच ३६ ग्रॅम सव्वातीन किलोच्या दुनळीत घाला, लाथ चाळिशीच्या आत येते. म्हणून दुनळीवाल्या मेव्हण्याने दिलेली काडतुसं आपल्या एकनळीत घालून रडू नये.

हा ९६ चा आडाखा खांद्यासाठी आहे, नळीसाठी नाही. लाथ आणि नळीतला दाब या दोन वेगळ्या गोष्टी. हलकी लाथ मारणारं काडतूसही एखाद्या जुन्या नळीला जड जाऊ शकतं. नळीसाठी बघायची ती लांबी.

काडतुसावर ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर लिहिलेलं असतं; जुने लोक अडीच, पावणेतीन आणि तीन इंची म्हणतात. नळीवर घर, म्हणजे काडतूस बसते ती मागची जागा, किती लांबीचं ते कोरलेलं असतं, बहुधा खालच्या बाजूला किंवा लाकडाखाली झाकलेलं, '१२-७०' अशा तऱ्हेने. जुन्या विलायती बंदुकांवर अडीच इंच. या दोन आकड्यांची गाठ घालायची, आणि काडतुसाचा आकडा घराच्या आकड्यापेक्षा मोठा असता कामा नये.

इथे सगळे फसतात ते असं. काडतुसावरची लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. भरलेल्या ७० मिलिमीटरच्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, ते साठच्या आतबाहेर भरतं. त्यामुळे ते ६५ च्या घरात मजेत बसतं आणि बंदूक 'टक' करून मिटते. बार झाला की दुमड उलगडते, पण उलगडायला जागा नसते. ती पुढच्या निमुळत्या भागात घुसून वाट अरुंद करते. दाब वाढतो, लाथ वाढते. ७६ चं काडतूस ७० च्या घरात असंच मिटतं. "बसलां मा?" हा पुरावा नाही. घराचा आकडा दिसत नसेल, पुसला असेल, तर तो मोजायचं काम कारागिराचं. नळीवर पट्ट्या पिळल्यासारखी नक्षी दिसत असेल तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते. आजचं काडतूस तिच्यात घालण्याआधी दाखवा.

घरी भरलेली, रिकाम्या डब्यांत पुन्हा ठासलेली काडतुसं कोणाकडे असतील तर त्यांची लाथ कमी कशी करायची हे मला विचारू नका. त्यात किती दारू आहे हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि परवान्याशिवाय ती भरणं गुन्हा आहे. पावसाळ्यात फुगलेली, जिभेला हिरवी चव यावी इतकी पितळ गंजलेली काडतुसंही बाजूला काढा. चाप ओढला आणि 'ठो' ऐवजी 'फुस्स' झालं तर बंदूक तशीच समोर धरून मिनिटभर थांबा, मग मोडा आणि पहिल्या तपासणीप्रमाणे नळीत उजेड बघा. गच्चा आत अडकलेला असेल तर पुढचा बार त्याच्यावर जाऊन आपटेल.

आणि एक: घरात २० बोअरचीही बंदूक असेल तर दोन्ही काडतुसं एका पिशवीत कधी नकोत. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे घसरून जातं, दिसत नाही, मागून १२ चं बसतं. २० ची काडतुसं बहुतेक ठिकाणी पिवळी करतात ती याच कारणाने.

धरणं

हेही फुकट. पण माणसं काडतूस बदलतात, सवय बदलत नाहीत.

दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, मधे फट नको. घाबरलेला माणूस बंदूक खांद्यापासून बोटभर लांब धरतो, लागू नये म्हणून. त्या बोटभर अंतरात बंदुकीला वेग येतो आणि ढकलण्याऐवजी ती ठोसा मारते. उजव्या हाताने दस्ता खांद्यात ओढून घ्या, डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, गाल लाकडाला चिकटलेला. आवळून दगड व्हायचं नाही, बार झाल्यावर कमरेपासून थोडं मागे जाऊ द्यायचं. अंगठा बंदूक उघडायच्या वरच्या खटक्याच्या मागे ठेवू नका, सालपटं निघतात. मधलं बोट कडीपासून जरा मागे.

माळ्यावर बसणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पाठ झाडाच्या बुंध्याला किंवा माळ्याच्या खांबाला टेकवून बार टाकू नका. उभ्या माणसाचं अंग मागे जातं आणि लाथ गिळतं. पाठीमागे आंब्याचं खोड असलं की गिळायला काही उरत नाही, सगळं गळपट्टीच्या हाडावर येतं. असं मोडलेलं हाड मी एकदा बघितलंय. तो गडी तरणा होता, काडतूसही हलकं होतं.

कान

बारा बोअरचा बार १५० डेसिबलच्या आसपास जातो. कानाला कायमची इजा करायला १४० चा एक फटकाही पुरतो. पण मी कान इथे घेतलाय तो लाथेसाठी. आवाज आणि धक्का माणसाला नीट वेगळे कळत नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे घातले की तीच बंदूक, तेच काडतूस, आणि माणूस म्हणतो "आज कमी मारल्यान." माळ्यावर चाहूल ऐकायची असते हे मान्य. मग बोळे गळ्यात दोरीला ठेवा, बंदूक उचलण्याआधी घाला.

दचकण्याची सवय लागली आहे का, हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. सुरक्षित जागी, समोर मातीचा बांध असताना, दुसऱ्या जाणत्या माणसाला काडतूस भरायला सांगा. कधी खरं, कधी रिकामं उडालेलं, तुम्हाला न दाखवता. तुम्ही नेम धरून चाप ओढा. रिकाम्यावर घोडा 'टिक' वाजतो आणि तेवढ्यात नळीची माशी (टोकाचा नेमाचा मणी) खाली डुबकी मारते, डोळे मिटलेले असतात. बघणारे हसतात. मीही फौजेत असा डुबकी मारताना पकडला गेलोय. इलाज एकच: काही दिवस सगळ्यात हलकं काडतूस, कानात बोळे, आणि एका वेळी चार-पाचच्या वर बार नाहीत.

मागची पट्टी, रबर आणि वजन

इथून थोडा खर्च आहे. जुन्या एकनळ्यांच्या दस्त्याला मागे कडक प्लास्टिकची किंवा लोखंडी पट्टी असते. घामाने ती घसरते आणि तिची कड रुतते. जाड रबराची गादी बसवली की धक्का पसरतो, थोडा लांबतो. लाथ तेवढीच असते, फक्त ती जास्त जागेवर आणि जास्त वेळ वाटली जाते. पण गादीने दस्ता इंचभर लांब होतो, म्हणून आधी मोजा: चापापासून दस्त्याच्या मागच्या मध्यापर्यंत साधारण ३६-३७ सेंटीमीटर मध्यम उंचीच्या माणसाला पुरतात. नाक फुटणाऱ्यांना गादीने दुहेरी फायदा. बुटक्या माणसाला लाकूड कापून मग गादी लावावी लागते, आणि ते सुताराकडून नको.

पट्टी काढलीच आहे तर आत खोलवर दस्त्याचा मुख्य बोल्ट दिसेल. तो सैल असतो, हे मला नेहमी सापडतं. दस्ता हाताने पिळून बघा. मानेत किंचित जरी 'कुच' झालं तर बोल्ट सैल आहे. सैल दस्ता आधी दणका खातो, मग तुम्हाला देतो, आणि पुढच्या पावसाळ्यात मानेतून चिरतो. लांब पेचकसाने आवळा, पण जोर लावून नको, लाकूड आहे ते.

त्याच पोकळीत शिशाचं वजन टाकायची पद्धत आहे. दोनशे-तीनशे ग्रॅम, कापडात घट्ट गुंडाळून, खुळखुळणार नाही असं. २ किलो ६०० ची बंदूक २ किलो ९०० झाली की लाथ दहा टक्क्यांनी उतरते. डोंगर चढताना ते तीनशे ग्रॅम शिव्या देतील. आमच्या शेजारच्या आबांनी ते घातलं, आणि दिवाळीपर्यंत काढून त्याचे जाळ्याचे शिसे केले. ज्याचं त्याने ठरवावं.

नळी कापून बंदूक हलकी किंवा आटोपशीर करायचा विचार कोणी सुचवला तर तिथेच सोडा. लाथ आणि आवाज दोन्ही वाढतात, आणि शस्त्र कायद्यात नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

इथे थांबा

शेवटची तपासणी घरी फक्त बघण्यापुरती. बंदूक रिकामी, नळीखालचं लाकूड काढलेलं. झेरॉक्सच्या कागदाची बोटभर पट्टी नळीच्या मागच्या कडेवर, काडतूस वर ढकलणारा तुकडा सोडून, ठेवा आणि बंदूक मिटवा. कागद घट्ट धरला गेला तर बरं. सुळकन निघाला तर नळी आणि पाठीची भिंत यांत फट आहे. मग मिटलेली बंदूक दस्त्याला धरून हलवा; सांध्यात 'खट खट' जाणवली तर बिजागरीचा खिळा झिजलाय.

यापुढे मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. सांध्यातली फट, बारासरशी उघडणारी बंदूक, टोपीला पडलेलं भोक, बुड फुगलेलं काडतूस, ओढून काढावं लागणारं रिकामं काडतूस, नळीतली सावली, मानेतली चीर, अर्ध्यावर न थांबणारा घोडा: यांतलं एकही असेल तर ती बंदूक परवानाधारक कारागिराकडेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्ती आणि चाचणी दोन्हींना परवाना लागतो. गावातला लोहार वेल्डिंग करून देईलही. मी तसं केलेलं बिजागर बघितलंय, दिसायला सुरेख होतं. उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचं पाणी उतरतं, ते डोळ्याला दिसत नाही.

ठासणीवाल्यांना एवढंच: काडतूस फोडून काढलेली दारू ठासणीत कधीही नाही. ती काळी दारू नव्हे, मापाने तेवढीच घातली तरी नळी फाटते. आणि मूठ हे माप नव्हे. बाकी सगळं कारागिराला विचारा.

माणसाच्या बाबतीत थांबायची जागा: गळपट्टीवर टेंगूळ, हात उचलता न येणं, बोटांना मुंग्या, दुसऱ्या दिवशीही न थांबलेली कानातली शिट्टी. तेल चोळत बसू नका, डॉक्टर गाठा. पेसमेकर बसवला असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर पहिल्या बाराआधी विचारा, नंतर नव्हे. आणि परवाना शेतीसंरक्षणाचा असला तरी डुकराला मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे अजून पुष्कळांना नवीन असतं.

कारागिराकडे जाताना नुसती बंदूक नेऊ नका. मूळ परवाना, उरलेल्या काडतुसांची पेटी, आणि ज्या बाराला त्रास झाला ते रिकामं काडतूस, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून. ते काडतूस शेतातच फेकून आलात तर रात्रीच बॅटरी घेऊन शोधा, सकाळी पोरं गोट्यांच्या डब्यात घालतात.